मेघ ज्याच्या पायांची धूळ : फोर्टातील एका अभ्यासवर्गाचे परीक्षण

यंदाच्या पावसाळ्यात फोर्टातील एका छोट्या अभ्याससंस्थेने ‘हिब्रू संदेष्टे आणि सृष्टीवरील ईश्वरी सत्ता’ या विषयावर सहा सत्रांचा मराठी वर्ग घेतला आणि मी तो एकही सत्र न चुकवता पूर्ण केला. शुल्क १,८०० रुपये होते. त्यात प्रत्येकी अडीच तासांची सहा सत्रे, टिपणांची एक पुस्तिका आणि मधल्या सुट्टीतला चहा धरलेला होता. आम्ही २२ जण होतो. संस्थेचे नाव मी येथे देत नाही, कारण पुढे काही तक्रारी येणार आहेत आणि चार माणसांनी पदरमोड करून चालवलेला उपक्रम नावानिशी चव्हाट्यावर आणणे मला पटत नाही.

मी ख्रिस्ती नाही आणि यहुदीही नाही. तीस वर्षे मुद्रितशोधनाचे काम केल्यामुळे वाक्यात आधी क्रियापद शोधायचे आणि मग आशयाकडे वळायचे, ही खोड मला जडली आहे. हा वर्ग मला आवडला याचे मोठे कारण असे की, तुलनात्मक धर्माचे निवृत्त प्राध्यापक असलेल्या आमच्या शिक्षकांनाही तीच खोड होती.

सुरुवात मात्र एका गमतीदार चुकीने झाली. जाहिरातीत सर्व सत्रे शनिवारी दुपारी ठेवलेली होती. हिब्रू शास्त्रांचा वर्ग आणि तो शब्बाथाच्या, म्हणजे यहुद्यांच्या विश्रांतीच्या, दिवशी! ठाण्याच्या एका बेने इस्राएल, म्हणजे मराठी यहुदी समाजातल्या, काकूंनी फोन करून विचारले, “अहो, आमचेच ग्रंथ शिकवणार आणि आम्हालाच येता येणार नाही, असं कसं?” शनिवारी घाणा बंद ठेवतात म्हणून कोकणात ज्यांना ‘शनिवार तेली’ म्हणत, त्या समाजाचे मांडवीतले सिनेगॉग (प्रार्थनामंदिर) १७९६ सालचे आहे, मुंबईत मराठीतून असा वर्ग घेणाऱ्यांच्या ही गोष्ट ध्यानात येऊ नये याचे नवल वाटले. आयोजकांनी चूक तत्काळ मान्य करून सत्रे रविवारवर नेली, हे त्यांच्या बाजूने नोंदवतो. त्याने सगळा प्रश्न सुटला असे मात्र म्हणवत नाही, कारण रविवार म्हणजे मेगाब्लॉक, आणि सहापैकी तीन रविवारी निम्मा वर्ग पाऊण तास उशिरा, अर्धा भिजलेला असा आत येत राहिला.

पहिल्या सत्रात शिक्षकांनी ‘संदेष्ट्यांचे ग्रंथ’ म्हणजे कोणते, हे आधी ठरवून घेतले. यहुदी परंपरेत शास्त्राचे तोरा (नियमशास्त्र), नेवीईम आणि केतुवीम (इतर लेख) असे तीन भाग पडतात, आणि नेवीईम म्हणजे संदेष्ट्यांचा भाग यहोशवापासून सुरू होतो. शास्ते, शमुवेल आणि राजे हे ग्रंथही त्यातच येतात. दानीएलाचा ग्रंथ मात्र केतुवीममध्ये आहे. त्यामुळे यहोशवाच्या लढाईत गिबोनवर थांबलेला सूर्य आणि एलीया या संदेष्ट्याच्या काळातला दुष्काळ हे दोन्ही प्रसंग या वर्गाच्या कक्षेत आले, जे आपल्याकडच्या मराठी बायबलची अनुक्रमणिका पाहणाऱ्याला चटकन लक्षात येत नाही.

त्याहून महत्त्वाचा मुद्दा शब्दाचा होता. आपण ज्याला निसर्ग म्हणतो, त्या सगळ्याला मिळून एकच शब्द बायबलकालीन हिब्रूत नाही. आजच्या हिब्रूतला ‘तेवा’ हा शब्द त्या अर्थाने मध्ययुगात रूढ झाला. संदेष्ट्यांपुढे आकाश आहे, जमीन आहे, समुद्र आहे, पूर्वेचा वारा आहे, टोळ आहेत, अंजीर आहे. प्रत्येकाचे नाव वेगळे आहे आणि प्रत्येकाला हाक मारता येते. यशयाचा ग्रंथ आकाश आणि पृथ्वी यांना ‘ऐका’ असे सांगूनच सुरू होतो, आणि लगेच पुढच्या वचनात बैलाला आपला धनी कळतो, गाढवाला आपली गव्हाण कळते, इस्राएलला मात्र काहीच कळत नाही, अशी तक्रार येते. शिक्षकांनी हे वचन फळ्यावर लिहून त्याखाली दोन रेघा ओढल्या. माझ्या मते वर्गाची किल्ली तीच होती: या ग्रंथांत वारा आणि समुद्र देवाचे ऐकतात, यात आश्चर्याचे काहीच नाही; ऐकत नाही तो माणूस, आणि वाऱ्याची, समुद्राची सगळी गोष्ट त्याच्यासाठी सांगितलेली आहे.

या पार्श्वभूमीवर बआलाची ओळख झाली. सीरियाच्या किनाऱ्यावर रास शामरा येथे १९२९ पासून झालेल्या उत्खननात उगारित हे प्राचीन नगर आणि तिथल्या मातीच्या पाट्या सापडल्या, तेव्हा हिब्रू ग्रंथांत केवळ शत्रू म्हणून भेटणाऱ्या बआलाची बाजू प्रथमच त्याच्या भक्तांच्या शब्दांत वाचायला मिळाली. तो पावसाचा आणि विजेचा देव, ‘मेघांवर आरूढ होणारा’, समुद्राशी आणि मृत्यूशी झुंजणारा. यशयाच्या एकोणिसाव्या अध्यायात परमेश्वर वेगवान मेघावर बसून मिसरवर, म्हणजे इजिप्तवर, चालून येतो, तेव्हा हे वाहन कोणाकडून काढून घेतले आहे हे त्या काळच्या श्रोत्याला सांगावे लागत नसणार. भांडणही पोटापाण्याचे होते. इस्राएलचा तो सगळा डोंगराळ मुलूख कोरडवाहू. मिसरसारखी नदी नाही, पाऊस हिवाळ्यात, तोही हात आखडून. पहिल्या पावसाला ‘योरे’ आणि कापणीआधीच्या शेवटच्या पावसाला ‘मालकोश’ अशी स्वतंत्र नावे तिथे आहेत. हे ऐकताच मराठवाड्यातून आलेले एक गृहस्थ म्हणाले, “मग हे आमच्याकडच्यासारखंच की,” आणि त्या एका वाक्याने अर्ध्या वर्गाला विषय कळला.

एलीयाचे सत्र नेटके झाले. कर्मेल डोंगरावरची एलीया आणि बआलाचे संदेष्टे यांची स्पर्धा ही बआलाच्याच अंगणात, त्याच्याच खात्यातल्या वस्तूंवर, म्हणजे आग आणि पाऊस यांवर खेळली जाते. समुद्रातून वर येणारा पहिला ढग माणसाच्या तळव्याएवढा असतो आणि तोही चाकराला सातव्यांदा पाहायला पाठवल्यावर दिसतो. मग लगेच पुढच्या अध्यायात होरेब डोंगरावर तोच एलीया गुहेच्या तोंडाशी उभा राहतो. डोंगर फोडणारा वारा जातो, भूकंप होतो, आग येते, आणि परमेश्वर त्या तिन्हींत नसतो. त्यानंतर जे येते त्याला हिब्रूत ‘कोल दमामा दक्का’ असे तीन शब्द आहेत, आणि ते कोणत्याही भाषेत नीट बसत नाहीत; ‘बारीक निःशब्दतेचा आवाज’ हे शिक्षकांचे मराठी मला पुरते पटले नाही, पण त्याहून बरे मलाही सुचलेले नाही. इथे काकूंनी घरातली गोष्ट सांगितली: त्यांच्याकडे नवस फेडताना एलियाहू हन्नबीच्या, म्हणजे याच संदेष्ट्या एलीयाच्या, नावाने मलिदा करतात, म्हणजे भिजवलेल्या पोह्यांत ओले खोबरे आणि साखर घालून वर फळे मांडतात, आणि त्याचा रथ अलिबागजवळच्या खडकावर खूण ठेवून गेला असे मानतात. “आमचा एलियाहू पोहे खातो हो, त्याला वादळ नको,” असे त्या म्हणाल्या. टिपणांत हे नव्हते, असायला हवे होते. १८३२ साली मिशनरी जॉन विल्सन यांनी मुंबईत याच समाजासाठी मराठीतून हिब्रू व्याकरण छापले, त्या गावात हा विषय आपल्या बोलीत शिकवायला कोणाची परवानगी लागू नये.

तिसरे सत्र आमोसाचे होते, आणि त्या एका सत्रासाठी मी १,८०० रुपये पुन्हा देईन. राग आला तोही त्याच सत्रात.

आमोस हा इसवी सनापूर्वी आठव्या शतकातला, तकोवा गावचा मेंढपाळ, आणि आपल्या उंबराच्या भाऊबंदांपैकी असलेल्या एका झाडाच्या फळांची निगा राखणारा माणूस. त्या फळांना हाताने छेद दिल्याशिवाय ती नीट पिकत नाहीत, आणि हिब्रूत त्याच्या कामासाठी येणारे क्रियापद बहुधा याच छेद देण्याचे आहे. त्याचा ग्रंथ ‘भूकंपाच्या दोन वर्षे आधी’ अशा तारखेने सुरू होतो. हा भूकंप इतका लक्षात राहिला की जखऱ्याच्या ग्रंथाच्या शेवटच्या अध्यायात, खूप नंतरच्या काळात, ‘उज्जीयाच्या दिवसांत पळालात तसे पळाल’ असा त्याचा दाखला येतो (उज्जीया हा आमोसाच्या काळचा यहूदाचा राजा). आणि १९५० च्या दशकात इस्राएलमधल्या हासोर येथे पुरातत्त्वज्ञ यिगाएल यादीन यांनी खणले तेव्हा आठव्या शतकाच्या थरात कललेल्या भिंती निघाल्या, त्यांचा संबंध त्यांनी याच भूकंपाशी जोडला. शिक्षकांनी त्या भिंतींची चित्रे दाखवली नाहीत. ती न दाखवता त्यांनी चौथा अध्याय उघडला, हे उत्तम केले.

त्या अध्यायात परमेश्वर आपण काय काय केले याचा हिशेब वाचून दाखवतो. आधी भूक, तिला आमोसाने ‘दातांची स्वच्छता’ म्हटले आहे, कारण खायलाच काही नसेल तर दातांत अडकणार काय. मग कापणीला तीन महिने उरले असताना आवरून धरलेला पाऊस. मग एका गावावर पाऊस आणि दुसऱ्यावर नाही, एक वावर भिजलेले आणि शेजारचे करपलेले, आणि दोन-तीन गावांची माणसे पाण्यासाठी एकाच गावाकडे झोकांड्या खात निघालेली. मग करपा, तांबेरा, टोळ. मग रोगराई आणि तलवार. मग देवाने नष्ट केलेल्या सदोम नगरासारखी उलथापालथ. प्रत्येक टप्प्यानंतर तेच एक वाक्य, पाच वेळा: तरी तुम्ही माझ्याकडे वळला नाहीत. शिक्षकांनी हे पाच वेळा मोठ्याने वाचून घेतले आणि पाचव्या वेळी आवाज मुद्दाम खाली आणायला सांगितला. तोवर ते मला धमकीसारखे ऐकू येत होते. आवाज उतरला तेव्हा दार वाजवून थकलेल्या माणसाचे वाटले.

मग त्यांनी फळ्यावर दोन आकडे लिहिले: ९४४ आणि ७३. मुंबईकराला पुढचे सांगावे लागत नाही. २६ जुलै २००५ रोजी चोवीस तासांत सांताक्रूझच्या वेधशाळेने ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदवला आणि त्याच शहरात कुलाब्याने ७३. जेरुसलेमला संपूर्ण वर्षात साधारण साडेपाचशे मिलिमीटर पाऊस पडतो. एका गावावर पाऊस, दुसऱ्यावर नाही, हे वचन आम्हाला अशा रीतीने घरपोच मिळाले, आणि अशी उदाहरणे निवडण्याचे शिक्षकांचे कसब मी मान्य करतो.

परंतु उदाहरण घरपोच आणले की घरातला माणूस बोलणारच. सांताक्रूझजवळच्या कलिन्यात तळमजल्यावर राहणारे, त्या दिवशी दोन मुलांना घेऊन रात्रभर माळ्यावर बसून काढलेले एक गृहस्थ उभे राहिले आणि शांतपणे म्हणाले, “मग सर, कलिन्याने असं काय केलं होतं, जे कुलाब्याने केलं नव्हतं?” शिक्षकांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिले आणि चहाची वेळ झाल्याचे सांगितले. चहानंतर विषय बदललेला होता. मला हे अजिबात आवडले नाही. प्रश्न अवघड होता हे खरे, पण तो आकडे फळ्यावर लिहिणाऱ्याने स्वतःच ओढवून घेतला होता, आणि त्याचे निदान अर्धे उत्तर आमोसाच्या त्याच पानांवर होते. आमोस हा हिशेब दुसऱ्याच्या बुडालेल्या घराकडे बोट दाखवून वाचत नाही. बेथेल आणि गिलगाल येथे नैवेद्य घेऊन जाणाऱ्या, स्वतःला देवाचे लाडके समजणाऱ्या माणसांच्या तोंडावर वाचतो, आणि त्यासोबत आरोपपत्रही ठेवतो: पायताणाच्या जोडासाठी गरिबाला विकणे, माप लहान करणे आणि वजन वाढवणे, हस्तिदंती वाडे. टिपणांच्या पुस्तिकेत पाऊस, टोळ आणि भूकंप यांना तीन पाने दिली आहेत, या आरोपांना तीन ओळीही नाहीत. आरोपपत्र वगळून नुसती शिक्षा वाचली की आमोस हवामानखात्याचा रागीट अधिकारी वाटू लागतो, आणि पुस्तिका वाचून कोणाचा तसा समज झाला तर दोष वाचकाचा नाही.

त्या सत्राचा उरलेला भाग पाचव्या अध्यायातल्या स्तुतीच्या तुकड्यावर गेला, जिथे ‘कीमा’ आणि ‘केसील’ घडवणारा, घनदाट काळोखाची पहाट करणारा, समुद्राच्या पाण्याला बोलावून जमिनीवर ओतणारा अशी परमेश्वराची ओळख येते. हे तारकासमूह सामान्यतः कृत्तिका आणि मृग असे ओळखले जातात. आता मराठी माणसासमोर मृग आणि समुद्रातून उचललेला पाऊस एकाच वाक्यात ठेवला तर त्याचा जीव सुपाएवढा व्हायला हवा. पुस्तिकेत मात्र ‘प्लीएडीझ व ओरायन’ असे छापले आहे. आमोसाचे झाडही तिथे ‘सायकामोर’ आहे. ज्या भाषेत उंबर आहे त्या भाषेत हे कशाला?

चौथ्या सत्राबद्दल थोडक्यात सांगतो, कारण ते एरंडाचे गुऱ्हाळ होते. एका पाहुण्या वक्त्यांनी सत्तर स्लाइड दाखवून योना या संदेष्ट्याला गिळणारा मासा देवमासा होता की शार्क, सूर्य थांबला म्हणजे ग्रहण लागले की गारपिटीने अंधारले, अशी चर्चा दीड तास केली. संदेष्ट्यांना हे प्रश्न पडलेलेच नाहीत, आणि ज्यांना पडतात त्यांची उत्तरे या ग्रंथांत नाहीत. कामाचे निघाले ते एवढेच की योएलाच्या पहिल्या अध्यायात टोळांसाठी गाझाम, अर्बे, येलेक आणि हासील असे चार शब्द लागोपाठ येतात, एकाने टाकलेले दुसरा खातो, आणि ते टोळाच्या वाढीचे टप्पे की वेगवेगळ्या जाती यावर अभ्यासकांत अजून एकमत नाही. १९१५ साली जेरुसलेमवर आलेल्या धाडीची छायाचित्रे या भागात दाखवली, ती खरोखर पाहण्यासारखी होती. २०२० च्या मे महिन्यात अमरावतीकडे भावाच्या संत्र्याच्या बागेत टोळ उतरलेले पाहिलेल्या एका बाईंनी त्यांच्या खाण्याचा आवाज कसा येतो ते सांगितले: कोरड्या पाल्यावर बारीक पाऊस पडावा तसा. योएलाने तोच आवाज धसकट जाळणाऱ्या ज्वाळेचा म्हणून लिहिला आहे. त्या बाईंना वक्त्यांनी दोन मिनिटांत खाली बसवले.

पाचव्या रविवारी यिर्मया वाचला आणि गाडी रुळावर आली. समुद्राला वाळूची सीमा घालून दिली, लाटा कितीही उसळल्या तरी त्यांना ती ओलांडता येत नाही, आणि या लोकांचे मन मात्र बंडखोर, ते केव्हाच ओलांडून गेले, असे पाचव्या अध्यायात आहे. वाळू ही किती हलकी गोष्ट, मुठीतून गळून जाणारी, आणि समुद्राला थोपवायला परमेश्वर नेमकी तीच निवडतो. भिंत नाही, डोंगर नाही. मरीन ड्राइव्हवर सिमेंटचे चौपायी ठोकळे टाकून आणि सगळे शहर भरणीवर वसवून राहिलेल्या आपल्यासारख्यांनी हे वचन भरतीच्या वेळी जाऊन वाचावे, अशी माझी शिफारस आहे. आठव्या अध्यायात आकाशातल्या करकोच्याला आपला ऋतू कळतो, होला, पाकोळी आणि क्रौंच आपल्या येण्याची वेळ पाळतात, माझ्या लोकांना मात्र परमेश्वराचा न्याय कळत नाही. म्हणजे यशयाचे बैल आणि गाढव इथे पंख लावून परत आले आहेत. दर हिवाळ्यात शिवडीच्या चिखलात रोहित पक्षी (फ्लेमिंगो) पाहायला जाणाऱ्या दोघी मुली हे ऐकून एकमेकींकडे पाहून हसल्या.

चौथ्या अध्यायातली चार वचने शिक्षकांनी काहीही न समजावता नुसती वाचली. चारही ‘मी पाहिले’ या शब्दाने सुरू होतात: पृथ्वी पाहिली, ती ‘तोहू वावोहू’, आकाशात उजेड नाही, डोंगर पाहिले, ते हलत आहेत, पाहिले तर माणूस नाही, पाखरे उडून गेलेली, पाहिले तर सुपीक जमिनीचे रान झालेले. (मोजणाऱ्याला ‘पाहिले’ नेमके चार वेळा सापडेल, आकाश पहिल्याच ‘पाहिले’च्या पोटात आहे.) तोहू वावोहू ही जोडी उत्पत्तीच्या दुसऱ्या वचनात, काहीच घडलेले नसतानाच्या अवस्थेसाठी येते. चित्रफीत उलटी फिरवावी तसे सृष्टीचे काम उलगडत मागे जाते. होशेयाचा दुसरा अध्याय याची दुसरी बाजू दाखवतो: परमेश्वर आकाशाला उत्तर देईल, आकाश जमिनीला, जमीन धान्याला, द्राक्षारसाला आणि तेलाला, आणि ती सारी यिज्रेलला, ज्या नावाचा अर्थच ‘देव पेरतो’ असा आहे. सत्ता म्हटली की आपल्याला हुकूम दिसतो. इथे एकाने दुसऱ्याच्या हाकेला ओ देणे आहे.

येथे एक व्यावहारिक तक्रार. हिब्रू आणि मराठी आवृत्त्यांत वचनांचे क्रमांक काही ठिकाणी जुळत नाहीत. होशेयाचे हे वचन मराठीत २:२१ ला आहे आणि हिब्रूत २:२३ ला. योनाचा मासा मराठीत पहिल्या अध्यायाच्या शेवटी येतो, हिब्रूत दुसऱ्याच्या आरंभी. पुस्तिकेत सगळे क्रमांक हिब्रूप्रमाणे आहेत आणि तसे कुठेही सांगितलेले नाही, त्यामुळे मराठी प्रत घेऊन बसलेली माणसे सारखी शेजाऱ्याच्या पानात डोकावत होती. पुस्तिकेतल्या ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका मी मोजल्या होत्या; आकडा सांगत नाही.

शेवटचे सत्र नहूम आणि योना यांचे होते, आणि कलिन्याच्या प्रश्नाला शिक्षक तीन आठवड्यांनी का होईना तिथे परत आले. दोन्ही ग्रंथ अश्शूरची राजधानी निनवे हिच्याविषयी आहेत. इसवी सनापूर्वी ६१२ मध्ये ती पडली. नहूमाला तिच्या पडण्याचा आनंद लपवता येत नाही, आणि त्याच्या पहिल्या अध्यायात सृष्टीवरील सत्तेची सर्वांत देखणी, सर्वांत भयंकर ओळ येते: परमेश्वराची वाट वावटळीत आणि वादळात आहे, मेघ त्याच्या पायांची धूळ आहेत. घाटावर चढत येणारे आषाढी ढग पाहिलेल्या कोणालाही ही ओळ विसरता येणार नाही. याच वचनाच्या आरंभी जुने ठरीव शब्द आहेत: परमेश्वर मंदक्रोध आहे. मंदक्रोध आणि ‘सामर्थ्याने थोर’. योनाच्या चौथ्या अध्यायात तेच ठरीव शब्द योना, निनवेला क्षमा झाली म्हणून, रागाने देवाच्या तोंडावर फेकतो, पण तिथे मंदक्रोध आणि ‘दयेने विपुल’ असे आहे. एका ठिकाणी ‘कोआह’, दुसऱ्या ठिकाणी ‘हेसेद’. एकच शहर, एकच परंपरागत वाक्य, आणि एका कळीच्या शब्दाचा फरक. मी आयुष्यभर असे एकेका शब्दाचे फरक शोधत आलो आहे, पण त्यात एवढे शहर मावलेले कधी पाहिले नव्हते.

शिक्षक कलिन्याच्या गृहस्थांकडे वळून म्हणाले, “त्या दिवशी मी चहाच्या आड लपलो, माफ करा. हे ग्रंथ तुमच्या प्रश्नावर एकमताने बोलत नाहीत. नहूम एक सांगतो, योना त्याच्याशी भांडतो, आणि ज्यांनी हे जपलं त्यांनी दोघांनाही एकाच गुंडाळीत ठेवलं.” गृहस्थ म्हणाले, “एवढं त्या दिवशी सांगितलं असतंत तरी चाललं असतं.” मला वाटते दोघांचेही बरोबर होते.

योना मग आम्ही सलग वाचला, चारही अध्याय, क्रियापदांवर बोट ठेवून. निनवेला जाऊन इशारा दे, हा हुकूम टाळून योना जहाजाने पळतो. परमेश्वर समुद्रावर मोठा वारा भिरकावतो. खलाशी माल समुद्रात भिरकावतात. मला भिरकवा, असे योना सांगतो. ते त्याला भिरकावतात. हिब्रूत चारही ठिकाणी तेच क्रियापद आहे. दुसरे क्रियापद ‘नेमले’. परमेश्वराने मासा नेमला, झाड नेमले, किडा नेमला, पूर्वेचा झोंबणारा वारा नेमला, आणि नेमलेल्या प्रत्येकाने विनातक्रार आपापले काम केले. वारा ऐकतो, समुद्र ऐकतो, मासा ऐकतो, एवढासा किडा ऐकतो, निनवेतली गुरेसुद्धा गोणपाट पांघरून उपास करतात; अख्ख्या ग्रंथात न ऐकणारा एकच, आणि तो संदेष्टा. वर्ग इथे मोठ्याने हसला. तीस वर्षांपूर्वी कोणी हा ग्रंथ मला विनोदी म्हणून वाचायला दिला असता तर मी तेव्हाच वाचला असता.

योनावर सावली धरणाऱ्या ‘किकायोन’ नावाच्या त्या झाडाला कुठे भोपळा म्हटले आहे, पण बरेच अभ्यासक त्याला एरंड मानतात. काकूंनी त्या दिवशी ठाण्याहून येताना रुळांकडेच्या झुडपातून एरंडाचे एक भले थोरले पान तोडून आणले होते. सत्राच्या सुरुवातीला त्यांनी ते टेबलावर ठेवले, तेव्हा हाताच्या पंज्यासारखे ताठ होते, शिरा तांबूस, देठातून चीक येत होता. डोक्यावर पंखा गरगरत होता. एका रात्रीत उगवले आणि एका रात्रीत गेले, त्या झाडाची तुला कळवळ आली, मग ज्यांना उजवा हात कोणता आणि डावा कोणता हेही कळत नाही अशी १,२०,००० हून अधिक माणसे आणि पुष्कळ गुरे जिथे आहेत, त्या निनवेची मला येऊ नये काय, या परमेश्वराने योनाला केलेल्या प्रश्नावर ग्रंथ थांबतो तिथे आम्ही पोहोचलो, तोवर पानाच्या कडा आत वळून ते फडक्यासारखे लोंबले होते. काकूंनी ते उचलून पिशवीत टाकले. “घरी नेऊन गुडघ्याला बांधते,” म्हणाल्या.

सोयींबद्दल. खोली दुसऱ्या मजल्यावर आहे आणि लिफ्ट नाही, हे जाहिरातीत लिहायला हवे. खुर्च्या प्लास्टिकच्या आणि बिनहातांच्या. अडीच तासांत पाठ धरते. ध्वनिक्षेपक चांगला, चहा त्याहून चांगला, सोबतची खारी मात्र दमट हवेमुळे चौथ्या रविवारपासून मऊ पडली. खिडक्या बंद करून वर्ग चालवू नये. आमोस आणि यिर्मया बाहेरच्या पावसाच्या आवाजात अधिक नीट ऐकू आले.

शुल्काच्या मानाने वर्ग स्वस्त आहे आणि पाचपैकी चार तारे द्यायला मला संकोच वाटत नाही; एक तारा पाहुण्या वक्त्यांच्या स्लाइडनी आणि पुस्तिकेने मिळून घालवला. हिब्रू येत असण्याची गरज नाही, श्रद्धा असण्याचीही नाही, पण हाताशी मोठ्या अक्षरांतले मराठी पवित्र शास्त्र असावे आणि पेन्सिल असावी. दिवाळीनंतर दुसरी तुकडी सुरू होणार असून तीत यहेज्केलची भर पडेल, असे आयोजकांनी सांगितले आहे. सत्रे पुन्हा रविवारीच आहेत, त्यामुळे ठाणे-कल्याणकडच्यांनी आदल्या रात्री मेगाब्लॉकचे वेळापत्रक पाहून निघावे.